मागून नेलेलं नाव

सिंक्लेतिका शिळा पाव कापत होती. लसणीच्या सुपाला पाव पातळ लागतो आणि सुरी बोथट झालेली, त्यामुळे ती मनगटावर भार देऊन कापत होती. तेवढ्यात फाटक वाजलं आणि शेजारची रुदेसिंदा जावयाला मागे घेऊन थेट स्वयंपाकघरात शिरली. दोघांच्या अंगात कोट होते. रुदेसिंदानं तर गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली होती, आणि एरवी आल्या आल्या चुलीपाशी बूड टेकणारी ही बाई आज दारातच उभी राहिली.

सिंक्लेतिकाला तेवढ्यावरूनच कळलं. ही आज मीठ मागायला आलेली नाही.

जावई मात्र परगावचा, बिल्बाओकडचा. तो "काय म्हणता, मावशी" म्हणाला, समोर खुर्ची दिसली तिच्यावर खुशाल बसला. रुदेसिंदानं त्याला दंडाला धरून असा उठवला की बिचाऱ्याच्या हातातली टोपी खाली पडली.

"गोर्का, वाटेत काय सांगितलं होतं मी तुला?"

"कोट काढू नकोस म्हणालात."

"आणि?"

"बसू नकोस."

"मग?"

"खुर्ची समोरच होती हो," गोर्का म्हणाला आणि टोपी उचलायला वाकला.

सिंक्लेतिकाचा नवरा एविलासियो चुलीजवळ अक्रोड फोडत बसला होता. त्याचा हातोडा थांबला. त्यालाही कळलं होतं.

"काल दुपारी आमच्या ग्लाफिराला मुलगा झाला," रुदेसिंदा म्हणाली. पाठ केल्यासारखं बोलत होती, आणि पाठच केलेलं होतं. "आम्ही नाव मागायला आलोय."

वाल्देतोबामध्ये नाव मागावं लागतं. गावात जो तो मोलेरो. आडनाव एकच, आणि पूर्वी नावंही चारपाचच होती, त्यामुळे पोस्टमननं हाक मारली की अर्धं गाव दारात यायचं. एकाला लष्करात बोलावलं होतं, गेला भलताच, आणि परत आलाच नाही, तेव्हा कुणा कंटाळलेल्या कारकुनानं सांगितलं की आता पुरे. ज्या दिवशी मूल जन्मेल त्या दिवशीच्या संतांमधलं नाव ठेवा, आणि तेही असं, की जे गावात दुसऱ्या कुणाचं नसेल. हाक मारली की एकच माणूस वळला पाहिजे. तेव्हापासून गावाला हे खूळ लागलं ते लागलंच.

बाहेरचे लोक हसतात. रविवारी माद्रिदच्या गाड्या चर्चसमोर थांबतात, उतरलेले लोक म्हाताऱ्यांना नावं विचारतात आणि मग अर्थ विचारतात. गावानंही अर्थ तोंडपाठ करून ठेवलेत. सिंक्लेतिका हे ग्रीक, उमरावांच्या सभेत बसणारी. आता ही बाई उभ्या जन्मात नगराध्यक्षाच्या कचेरीत दाखल्यासाठीसुद्धा बसली नाही, तिथे सगळी कामं खिडकीतून होतात. रुदेसिंदा जर्मन टोळ्यांकडचं, कीर्तीच्या वाटेनं निघालेली. तिला बस लागते, जवळच्या आरांदा शहराच्या पुढे ती कधी गेलेली नाही. आणि एविलासियो म्हणजे लवकर प्रसन्न होणारा. हा अर्थ सांगितला की गावातली माणसं तोंड फिरवून हसायची, कारण एविलासियो प्रसन्न झालेला कुणी पाहिला नव्हता.

त्यांच्या मुलाचं नाव आसिंदिनो. तेही ग्रीक. ज्याला धोका नाही असा, निर्धोक. गेल्या वर्षभरात हा अर्थ गावात कुणी कुणाला सांगितला नव्हता.

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आत कौलं बदलायला म्हणून आसिंदिनो घरावर चढला. चाळिशीला आलेला, एकुलता एक, लग्नाचं नाव न काढणारा आणि आईच्या हातचं खाणारा. दुपारी सिंक्लेतिकानं दारात येऊन त्याला जेवायला हाक मारली. तो "आलो" म्हणाला, आणि आला, कौलांबरोबर थेट अंगणात. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि त्याविषयी कुणी बोलत नसे. सिंक्लेतिकानं त्यानंतर ते नाव घेतलं नव्हतं. घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं नव्हतं, ते तोंडात येतच नव्हतं.

माणूस गेला की वर्षभर त्याच्या नावाला कुणी हात लावत नाही. वर्षाची प्रार्थना झाली की नाव मोकळं होतं. मग ज्याच्या घरी त्या संताच्या दिवशी मूल जन्मतं, त्यानं येऊन ते मागायचं. द्यायचं की नाही ते घरच्यांनी ठरवायचं, तोवर मागणाऱ्यानं कोटासकट उभं राहायचं; खुर्ची पुढे केली की दिलं. दिलं, तर ते गेलं. थडग्याच्या दगडावर राहतं, पण तोंडात ठेवायचं नाही, गेलेल्याला 'आमचा' किंवा 'आमची' म्हणायचं. दोघांना एकच हाक चालत नाही.

"त्या दिवशीचे दुसरे संत पाहिलेत आम्ही," रुदेसिंदा म्हणाली. "उगाच नाही आलो. पेगासियो आहे, पण ते टेकडीवरच्यांनी खेचराला ठेवून नासवलं. एल्पिदिफोरो आपला बसवाला. आफ्तोनियो आरांद्याला वृद्धाश्रमात आहे आणि त्याचं जायचं लक्षण नाही, परवा मसुरीच्या दोन बशा रिचवल्या म्हणे."

"आनेम्पोदिस्तो उरतो," गोर्का म्हणाला. "अर्थ छान आहे. ज्याच्या वाटेत अडथळा नाही असा."

"अर्थाला काय चाटायचंय? ते नाव पुरं होईस्तोवर सूप गार होतं. जेवायला हाक मारायची म्हटलं तर..." रुदेसिंदानं जीभ चावली. तिचा चेहरा लालेलाल झाला.

चुलीतलं लाकूड खाली घसरलं, ते एविलासियोनं चिमट्यानं वर सारलं.

"ग्लाफिराला हेच हवंय," रुदेसिंदा शेवटी हळूच म्हणाली. "मी नको म्हटलं तिला. म्हटलं, त्या माणसांच्या जखमेवर कशाला... तर म्हणते, आई, त्यानं मला सायकल चालवायला शिकवली, भिंतीवरून उचलून घ्यायचा मला, त्याचं नाव असंच बंद पडून राहणार का? ग्लाफिरा म्हणजे म्हणे गुळगुळीत, घासूनपुसून केलेली. कसली गुळगुळीत, नुसती खडबडीत आहे कार्टी. तू नाही म्हण, सिंक्लेतिका. आम्हाला वाईट वाटणार नाही."

सिंक्लेतिकानं सुरी फडक्याला पुसली. भिंतीजवळची खुर्ची ओढून तिनं ती रुदेसिंदापुढे ठेवली, आणि दुसरी गोर्कापुढे.

"बसा," ती म्हणाली. "कोट काढा, उकडेल."

गोर्कानं सासूकडे पाहिलं. सासूनं मान हलवली तेव्हा तो बसला, यावेळी खुर्चीच्या कडेवर. एविलासियोनं हातोडा खिशात घातला आणि तो मागच्या दारानं निघून गेला.

तो परतला तेव्हा सुपावर साय धरली होती. त्यानं ते तसंच खाल्लं. खाऊन झाल्यावर बशी पुढे ढकलली.

"मला विचारलंस?"

"काय विचारायचं होतं?"

"वर्षभरात एकदा घेतलं नाहीस ते नाव. बरं, नको घेऊस. मी घेतो. मळ्यात एकटा असलो की घेतो. वेली छाटताना घेतो. आता काय म्हणू मी? 'आमचा'? आमचा काय, बैल होता का तो?"

"हळू बोल. भिंतीला भिंत आहे."

"ऐकू दे. एवढी एक गोष्ट राहिली होती घरात, तीही उचलून दिलीस. खुर्ची कशी पुढे केलीस, जसं काही पाव्हणे जेवायला आलेत."

"नाव म्हणजे काय चादर आहे, कपाटात घडी घालून ठेवायला?" सिंक्लेतिका म्हणाली. "कुणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे."

एविलासियो तिच्याकडे बघत राहिला. तो भांडखोर होता, पण बायकोवर हात उचलणारा किंवा तिला घालूनपाडून बोलणारा नव्हता. त्याचा आवाज एकदम उतरला.

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

तिनं खरंच विचार केला. पाव कापताना, खुर्ची ओढताना, रुदेसिंदा दारात रडून तिच्या गळ्यात पडली तेव्हा, काय वाटलं होतं? सुरीला धार लावायला हवी असं वाटलं होतं.

"नाही," ती म्हणाली. ते खोटं नव्हतं, आणि खोटं नव्हतं म्हणूनच एविलासियो उठला आणि स्वतःची बशी धुवायला गेला.

वर्षभर हे असंच चाललं होतं. अंत्यविधीला तिनं खुर्च्या मोजून मांडल्या. लोकांना कॉफी दिली. बायका म्हणाल्या, धीराची आहे. मग म्हणाल्या, रडली असती तर बरं झालं असतं. मग काहीच म्हणेनाशा झाल्या. ती वेळेवर उठत होती, कोंबड्यांना दाणे घालत होती, थडग्यावरची फुलं बदलत होती आणि तिथून परतताना मिरच्या घेऊन येत होती. लोक तिला विचारत, कशी आहेस? ती म्हणे, आहे की. त्यात तक्रार नव्हती. आत काही उरलंच नाही तर तक्रार कसली करायची?

बाप्तिस्म्याला ती काळा पोशाख इस्त्री करून गेली. फादर विल्मर पेरूहून आलेले, आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांना मिळून एकटेच. या गावची नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून ते आधी ओठांतल्या ओठांत घोकतात. त्यांनी पाणी घातलं, मोठ्यानं नाव उच्चारलं, पोरानं टाहो फोडला. सगळ्या चर्चनं माना वळवून सिंक्लेतिकाकडे पाहिलं. ती फादरच्या बाहीकडे बघत होती. तिथली शिवण उसवली होती, आणि ही एवढी देखणी बाही कुणी टाचून का देत नाही, असं तिच्या मनात येत होतं.

जेवणाला कोकराचं मांस होतं. तिनं दोनदा घेतलं.

"छान झालंय," ती रुदेसिंदाला म्हणाली. "मीठ जरा पुढे आहे."

"तू खाल्लंस ना, मग झालं," रुदेसिंदा म्हणाली आणि पदार्थ आणण्याच्या निमित्तानं आत जाऊन डोळे पुसून आली.

हिवाळ्यात एविलासियो दुपारची झोप सोडून शेजारी जायला लागला. पहिल्यांदा गेला तेव्हा म्हणाला, पाळण्याचा आवाज होतोय, तेल घालून येतो. मग तेलाचंही निमित्त लागेनासं झालं. दात नसलेल्या पोरासाठी तो खिसा भरून अक्रोड न्यायचा. गोर्का त्याला खुर्ची द्यायचा, आता ते त्याला नीट जमत होतं. तिथं बसून एविलासियो ते नाव मनसोक्त घ्यायचा. आसिंदिनो, झोप. आसिंदिनो, मूठ सोड, बोट मोडशील माझं. त्या घरात ते घ्यायला कुणाची आडकाठी नव्हती. संध्याकाळी तो परत यायचा तेव्हा जवळजवळ माणसात आलेला असायचा, एकदा तर फाटक न आपटता आला.

"तूही येत जा," तो म्हणायचा.

"कामं कोण करणार?"

"असली कोणती कामं राहतात गं तुझी? सकाळी सहाला घर आरशासारखं असतं."

तिला जायला नको वाटत नव्हतं, जावंसंही वाटत नव्हतं. पोर रडलेलं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. पोर आहे, रडायचंच, एवढंच तिला वाटायचं. पलीकडे कुणी ते नाव घेतलं तरी ती मान वर करत नसे. ते आता शेजाऱ्यांचं होतं, जसं त्यांचं चेरीचं झाड त्यांचं.

जून आला. वाटाण्याच्या शेंगा भरल्या. त्या दिवशी दुपारी सिंक्लेतिका अंगणात सावलीला पाटी घेऊन बसली आणि शेंगा सोलायला लागली. एविलासियो समोर दगडावर बसून कुदळीला नवा दांडा ठोकत होता. दोन्ही अंगणांच्या मध्ये छातीइतकी भिंत. पलीकडे ग्लाफिरा धुतलेल्या चादरी दोरीवर टाकत होती. पोर आता बसायला लागलं होतं. घोंगडीवर त्याला बसवून ती चादरीआड जायची, मग तोंड बाहेर काढायची. पोर खिदळायचं. मग तिनं ओल्या चादरीचं टोक पोराच्याच डोक्यावरून ओढलं.

"अगं बाई, आसिंदिनो कुठे गेला?" ती म्हणाली. "आत्ता तर इथे होता. जेवायची वेळ झाली आणि हा गेला कुठे? आसिंदिनो कुठे आहे?"

"छपरावर असेल," सिंक्लेतिका म्हणाली.

शेंग सोलता सोलता, मान वर न करता म्हणाली. हातातले दाणे पाटीत टाकले.

"मघापासून ठोकतोय. थांब, बोलावते."

एविलासियोचा हात दांड्यावर तसाच राहिला. मघापासून ठोकत होता तो एविलासियोच.

सिंक्लेतिकानं पाटी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून ती उठली. एप्रनला हात पुसले. अंगणाच्या मधोमध आली, तिथून छप्पर पूर्ण दिसतं. मग तिनं वर पाहिलं. त्या ऑक्टोबरनंतर तिनं छपराकडे पाहिलं नव्हतं. अर्धी कौलं जुनी, काळपट होती, अर्धी नवी, लाल. नंतर आरांद्याचा एक माणूस येऊन उरलेलं काम करून गेला होता. वर कुणी नव्हतं.

ती बघत उभी राहिली. मग तिला दुखलं. छातीत दुखलं, पोटात दुखलं, इतकं की तिनं दोन्ही हात पोटावर धरले आणि ती पुढे वाकली. इतके महिने हे कुठे होतं, तिला कळेना. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. एविलासियो धावत आला. त्यानं तिला धरलं, पण बसवलं नाही, नुसतं धरून ठेवलं.

"नाहीये तो वर," ती म्हणाली.

"नाही गं."

"मी त्याला नुसतं ये म्हटलं. ये, गार होतंय, म्हटलं. हळू उतर म्हणायला हवं होतं मी. लहानपणी म्हणायची. झाडावर चढला की म्हणायची ना मी, एविलासियो?"

"म्हणायचीस."

"मोठा झाला म्हणून म्हटलं नाही."

"तो काय तुझ्या म्हणण्यानं..." एविलासियोनं तिला आणखी घट्ट धरलं.

"मला आता म्हणायचंय," सिंक्लेतिका म्हणाली. "एकदाच. वेडेपणा आहे, मला कळतंय. पण नाव नाही राहिलं माझ्याकडे. देऊन बसले मी."

भिंतीपलीकडे ग्लाफिरा चादर हातात धरून उभी होती. सगळं तिच्या कानावर पडलं होतं. तिनं चादर होती तशी गवतावर टाकली, पोराला उचललं आणि भिंतीशी आली. पोराचा एक कान आपल्या छातीशी दाबून धरला. दुसऱ्यावर तळवा ठेवला. पोराला वाटलं हाही खेळच आहे. ते हसायला लागलं.

"मार हाक, मावशी," ग्लाफिरा म्हणाली. "याला ऐकू जात नाही."

सिंक्लेतिकानं तिच्याकडे पाहिलं, मग त्या पोराकडे पाहिलं. मग तोंड वर केलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं छपराकडे हाक मारली.

"आसिंदिनो, सावकाश उतर."